‘कायदेशीर सल्ला घेऊ’ म्हणजे नेमका कुणाचा? राज्याचे अधिकार, केंद्राचे अधिकार आणि आपली निवेदने

मुक्ताईनगरात (जुनी माणसे अजून एडलाबादच म्हणतात) आम्ही काही कार्यकर्ते गेली काही वर्षे निवेदने लिहितो, तहसील कार्यालयात नेऊन देतो आणि पोच घेऊन येतो. शिष्यवृत्ती, जात प्रमाणपत्र, स्मशानभूमीची जागा, बोधगयेचे महाविहार, असे विषय असतात. मागे वळून पाहिले की आमचीच एक चूक दिसते. बऱ्याच निवेदनांत मागणी बरोबर होती, पत्ता चुकीचा होता. जे काम संसदेचे, त्यासाठी आम्ही मुख्यमंत्र्यांना लिहिले. जे राज्य सरकार एका शासन निर्णयाने करू शकले असते, त्यासाठी राष्ट्रपतींना लिहिले. आणि उत्तर आले, जेव्हा आले तेव्हा, ते ठरलेले: ‘याबाबत कायदेशीर सल्ला घेऊन योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’

हे वाक्य ऐकून आपण घरी येतो. सल्ला कुणाचा, कोणत्या प्रश्नावर आणि त्या सल्ल्याला किंमत किती, हे आपण विचारत नाही. ते विचारायला हवे, कारण आपल्या समाजाचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा आरक्षणाचा इतिहास हा राज्य काय करू शकते आणि केंद्र काय करू शकते या एकाच रेषेवरचा इतिहास आहे.

आधी सल्लागार कोण ते पाहू. केंद्र सरकारचा सर्वोच्च कायदा अधिकारी म्हणजे ॲटर्नी जनरल, मराठीत महान्यायवादी. संविधानाचे कलम ७६. राज्याचा महाधिवक्ता, कलम १६५. याशिवाय मंत्रालयात विधी व न्याय विभाग असतो आणि रोजच्या फायलींवर अभिप्राय तोच देतो. म्हणजे मंत्री ‘सल्ला घेतला’ म्हणतात तेव्हा तो महाधिवक्त्यांचा लेखी अभिप्राय असू शकतो किंवा विभागातल्या एखाद्या उपसचिवाची फाईलवरची चार ओळींची टिपणीही असू शकते. दोन्हींना आपण एकाच आदराने मान डोलावतो. राष्ट्रपतींना आणखी एक दार आहे. कलम १४३ खाली ते थेट सर्वोच्च न्यायालयाचे मत मागू शकतात. राज्यांनी मंजूर केलेल्या विधेयकांवर राज्यपालांनी किती काळात निर्णय घ्यावा, यावर मे २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी असेच १४ प्रश्न न्यायालयाकडे पाठवले होते. हे दार राज्य सरकारला किंवा राज्यपालाला नाही.

महाधिवक्ता असो की ॲटर्नी जनरल, त्यांचे मत हे मत असते. तो कायदा नसतो, निकालही नसतो. याचा सगळ्यात ठळक पुरावा आपल्याच राज्यात घडला, मराठा आरक्षणाच्या खटल्यात.

२०१८ साली संसदेने १०२वी घटनादुरुस्ती केली. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाला घटनात्मक दर्जा मिळाला आणि संविधानात कलम ३४२अ आले. सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गांची यादी राष्ट्रपती जाहीर करतील आणि त्यात बदल संसद करील, अशी त्याची भाषा होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्राने मराठा समाजाला १६ टक्के आरक्षण देणारा कायदा केला. जून २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने टक्केवारी कमी करून, शिक्षणात १२ आणि नोकरीत १३, तो कायदा वैध ठरवला. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायमूर्तींपुढे गेले. तिथे प्रश्न उभा राहिला: १०२व्या दुरुस्तीनंतर मागास वर्ग ठरवण्याचा राज्याचा अधिकार उरला आहे का?

ॲटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी न्यायालयात सांगितले की राज्यांचा अधिकार या दुरुस्तीने गेलेला नाही. केंद्र सरकारने, म्हणजे जिने दुरुस्ती आणली त्याच बाजूने, हीच भूमिका घेतली. यापेक्षा वजनदार सरकारी सल्ला देशात दुसरा असू शकत नाही. ५ मे २०२१ रोजी निकाल आला. मराठा आरक्षण रद्द करण्यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत होते, पण या एका प्रश्नावर ते तीन विरुद्ध दोन असे विभागले. बहुमताने सांगितले की कलमाचे शब्द स्पष्ट आहेत, यादी आता राष्ट्रपतींची आणि संसदेची, राज्याने फक्त शिफारस करायची. सरकारच्या मनात काय होते ते नाही, कलमात काय लिहिले ते पाहिले गेले. केंद्राची पुनर्विचार याचिकाही फेटाळली गेली. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेला १०५वी घटनादुरुस्ती करून राज्यांचा अधिकार शब्दांत लिहून परत द्यावा लागला.

यात आपला काय संबंध, असे काही तरुण विचारतात. संबंध असा की १०५व्या दुरुस्तीने राज्याला जे परत मिळाले ते फक्त मागास वर्गांच्या, म्हणजे ओबीसीच्या राज्य यादीबाबत. अनुसूचित जातींच्या यादीबाबत राज्याला तो अधिकार कधीच नव्हता आणि आजही नाही. आणि हे कुणा विरोधकाने केलेले नाही, बाबासाहेबांनी जाणीवपूर्वक केले आहे.

कलम ३४१ सांगते: कोणत्या राज्यात कोणत्या जाती अनुसूचित, हे राष्ट्रपती राज्यपालांशी विचारविनिमय करून जाहीर करतील. एकदा यादी जाहीर झाली की तिच्यात नाव घालणे किंवा काढणे फक्त संसदेने कायदा करूनच. १७ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी ही तरतूद मांडताना कारण दिले होते, त्याचा आशय असा की यादीत ढवळाढवळ करण्यामागे राजकीय हेतू शिरू नयेत. गावातले, तालुक्यातले, राज्यातले राजकारण त्यांनी जवळून पाहिले होते. यादी मंत्रालयात ठेवली असती तर दर निवडणुकीला तिच्यात भर पडली असती, असे आम्हाला वाटते. धनगर-धनगड वाद पाहा किंवा आपल्या खानदेशातला टोकरे कोळींचा प्रश्न पाहा. अनुसूचित जमातींसाठी असेच कलम ३४२ आहे. नोव्हेंबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हलबा-कोष्टी प्रकरणात (महाराष्ट्र राज्य विरुद्ध मिलिंद) स्पष्ट केले की राष्ट्रपतींच्या आदेशात जे लिहिले आहे ते तसेच वाचायचे. राज्याचे परिपत्रक, चौकशी समिती किंवा न्यायालयाचा पुरावाही त्यात एक शब्द वाढवू शकत नाही.

पण हीच पोलादी भिंत १९५६ नंतर आपल्या आड आली.

१९५०च्या अनुसूचित जाती आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदात अट होती: हिंदू धर्माव्यतिरिक्त दुसरा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि लाखो माणसे एका दिवसात कायद्याच्या नजरेत यादीबाहेर गेली. वाड्यावस्तीवरचा बहिष्कार होता तिथेच होता, विहीर वेगळी होती ती वेगळीच राहिली. बदलला फक्त कागद.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. त्यांच्या सरकारने त्याच वर्षी नवबौद्धांना राज्याच्या सवलती चालू ठेवण्याचा निर्णय घेतला. हे कसे जमले, यादी तर संसदेची? कारण यादीला राज्याने हातच लावला नाही. कलम १५(४) आणि १६(४) राज्याला मागास वर्गांसाठी स्वतःच्या शाळा-कॉलेजांत आणि स्वतःच्या नोकऱ्यांत तरतूद करू देतात. राज्याने ‘नवबौद्ध अनुसूचित जाती आहेत’ असे म्हटले नाही. जे त्यांना मिळते ते यांनाही देऊ, एवढेच म्हटले. आजच्या राज्य आरक्षण कायद्यातही १३ टक्क्यांच्या पुढे ‘अनुसूचित जाती आणि बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जाती’ असे दोन तुकडे वाचायला मिळतात, त्याचे मूळ इथे आहे. आपल्या आईवडिलांच्या पिढीतले शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, एसटीतले वाहक या दारातून आत गेले.

हे दार किती रुंद होते, तेही पाहायला हवे. केंद्राची नोकरी या दारातून मिळत नव्हती. भुसावळ जवळ असूनही रेल्वेत राखीव जागेवर बौद्ध म्हणून अर्ज करता येत नव्हता. आणि राखीव मतदारसंघ? १९६२च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत डॉ. डी. पी. मेश्राम राखीव जागेवरून निवडून आले. पंजाबराव नावाच्या प्रतिस्पर्ध्याने आव्हान दिले की त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि न्यायालयाने धर्मांतर सिद्ध झाल्याचे मानून त्यांची निवड टिकू दिली नाही. राज्य सरकारच्या सवलती मिळत होत्या, पण त्याच राज्याच्या विधानसभेतली राखीव जागा मिळत नव्हती, कारण ती जागा संविधानाच्या यादीवर उभी होती. काही जण घरात बुद्धाची प्रतिमा ठेवून कागदावर हिंदू राहिले, त्यांना आज नावे ठेवणे सोपे आहे. आम्ही ते करणार नाही.

ही भिंत सल्ल्याने पडली नाही. १९६४च्या डिसेंबरात, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनापासून, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने देशव्यापी सत्याग्रह केला. भूमिहीनांना जमीन ही त्याची प्रमुख मागणी म्हणून आपल्या लक्षात आहे. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती, ही मागणीही त्या सनदेत होती आणि ती दिल्लीकडे होती. पत्ता बरोबर होता. तरी यायला १९९० उजाडले. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारच्या काळात संसदेने कायदा करून तिसऱ्या परिच्छेदात ‘बौद्ध’ हा शब्द घातला. एका शब्दाला ३४ वर्षे लागली. त्या शब्दाबरोबर केंद्राच्या नोकऱ्या, राखीव मतदारसंघ आणि १९८९चा ॲट्रॉसिटी कायदाही आला. तो शब्द नसता तर वस्तीवर हल्ला झाल्यावर बौद्ध फिर्यादीला ठाण्यातच सांगितले गेले असते की तुम्ही या कायद्यात बसत नाही.

आता रोजच्या कामाकडे. दर भरतीच्या वेळी आमच्याकडे हमखास एक मुलगा किंवा मुलगी येते: राज्याच्या भरतीत चाललेले प्रमाणपत्र केंद्राच्या भरतीत नाकारले. आजोबांच्या दाखल्यावर ‘महार’, वडिलांच्या आणि स्वतःच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’. १९९०च्या कायद्याने धर्माची अट शिथिल झाली, पण यादी जातींचीच राहिली. महाराष्ट्राच्या यादीत ५९ नोंदी आहेत. त्यातली ३७वी महार, मेहरा, तराळ, धेगू-मेगू अशी आहे. ‘बौद्ध’ ही नोंद यादीत नाही आणि असणारही नाही, कारण ती जात नाही. म्हणून केंद्राच्या नमुन्यात मूळ जात आणि धर्म बौद्ध, असे दोन्ही लागते. प्रांत कार्यालयात अर्ज करतानाच केंद्राच्या नमुन्यात प्रमाणपत्र हवे आहे असे सांगावे आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा महसुली किंवा शाळेचा पुरावा जोडावा. जात सोडून आलेल्या घरात पुन्हा त्या नावाचा कागद शोधायचा, याचा त्रास आम्हाला कळतो. विहारात आम्ही ते सांगतो तेव्हा कुणीतरी म्हणतेच, ‘मग बावीस प्रतिज्ञांचं काय?’ आमचे उत्तर असे की हा कागद आपल्या श्रद्धेचा दाखला नाही. समाजाने आपल्या आजोबांना काय वागणूक दिली त्याचा तो दाखला आहे.

मुक्ताईनगरात दुसरी एक अडचण सतत येते, ती सीमेची. सीमा ओलांडली की मध्य प्रदेशातले इच्छापूर. बऱ्हाणपूरकडच्या मुली इकडे सून म्हणून येतात, इकडच्या तिकडे जातात. महार ही जात दोन्ही राज्यांच्या यादीत आहे. तरी तिकडच्या मुलीला इकडे राज्याच्या नोकरीत राखीव जागा मिळत नाही. कलम ३४१ मध्ये ‘त्या राज्याच्या संबंधात’ असे शब्द आहेत. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातल्या प्रवेशावरून १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ लावला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये बीर सिंह विरुद्ध दिल्ली जल बोर्ड या प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी तो कायम केला. केंद्राच्या नोकरीला मात्र तिचे मध्य प्रदेशातले प्रमाणपत्र देशभर चालते. लग्नाने जात बदलत नाही आणि राज्यही बदलत नाही. सासरच्या कागदांवर नवे प्रमाणपत्र काढून देतो म्हणणाऱ्या दलालाला पैसे देऊ नका. पडताळणीत ते पडते आणि लागलेली नोकरी जाते.

आणि आता सगळ्यात नाजूक विषय, उपवर्गीकरण. २००४ साली चिन्नय्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले होते की अनुसूचित जातींचे गट पाडणे म्हणजे यादीशी खेळणे, ते राज्याला करता येणार नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने दविंदर सिंह प्रकरणात सहा विरुद्ध एक मताने ते बदलले. राज्य यादीत नाव घालू किंवा काढू शकत नाही, पण यादीच्या आत, आकडेवारीच्या आधारावर, राखीव जागांची वाटणी करू शकते. सगळ्या जागा एकाच गटाला देता येणार नाहीत. १४ एप्रिल २०२५ रोजी तेलंगणाने आपल्या ५९ जातींचे तीन गट करून ते लागूही केले. महाराष्ट्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती अनंत बदर यांची समिती नेमली.

म्हणजे इथे पत्ता मुंबई आहे. ‘हे घटनाबाह्य आहे, राष्ट्रपतींनी थांबवावे’ अशी निवेदने आपल्या भागातूनही गेली. त्यांचा उपयोग नाही, कारण सात न्यायमूर्तींनी तो अधिकार राज्याचाच ठरवला आहे. समितीपुढे लागते ती आकडेवारी. आपल्या तालुक्यात किती बौद्ध घरे भूमिहीन, किती पदवीधर बेकार, किती कंत्राटी सफाई कामगार. आणि तेच मातंग, चर्मकार, मेहतर वस्त्यांचे. बौद्ध समाज पुढे गेला, असे सरसकट बोलले जाते. काही पुढे गेले, हे खरे आहे. आमच्या पाहण्यातल्या मातंग वस्त्यांत बारावीपर्यंत पोहोचलेल्या मुली कमी आहेत, हेही खरे आहे आणि आपण ते मोठ्याने बोलत नाही. त्याच निकालात काही न्यायमूर्तींनी अनुसूचित जातींना क्रिमी लेयर लावण्याविषयी मत दिले. पुढच्याच आठवड्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने बाबासाहेबांच्या संविधानात तशी तरतूद नाही असे जाहीर केले. तेही मत, हेही मत. व्हॉट्सॲपवर मात्र दोन्ही ‘कायदा झाला’ म्हणून फिरले.

बोधगयेची निवेदने याहून वेगळी. १९४९चा बोधगया मंदिर कायदा बिहारचा आहे. चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी, ही त्याची रचना. धार्मिक संस्था हा विषय समवर्ती सूचीत २८व्या क्रमांकावर आहे, म्हणजे बिहार विधानसभा आणि संसद, दोघांनाही कायदा करता येतो. महाराष्ट्र सरकारला यात काहीच अधिकार नाही, पाठिंब्याचे पत्र मागता येईल एवढेच. तेव्हा निवेदनाच्या दोन प्रती, एक पाटण्याला आणि एक दिल्लीला, आणि दोन्हींत ‘समवर्ती सूची, नोंद २८’ असे लिहावे. केंद्राने हा राज्याचा विषय आहे असे उत्तर पाठवले, तर ती नोंद दाखवून पुन्हा लिहिता येते.

आमच्या निवेदनांत आता शेवटी एक परिच्छेद ठरलेला असतो. या विषयावर विधी व न्याय विभागाचा किंवा महाधिवक्त्यांचा अभिप्राय मागवला असल्यास कोणत्या कलमाखाली, कोणता प्रश्न विचारून मागवला, तो लेखी आहे का आणि त्याची तारीख काय, हे कळवावे. गेल्या वेळी तो परिच्छेद वाचून पोच देणाऱ्या कारकुनाने विचारले, ‘हे कुणी लिहून दिलं?’ आम्ही म्हटले, विहारातल्या बारावीच्या पोरीने. तिने आता माहिती अधिकाराचा अर्जही तयार ठेवला आहे.